टिकलीचं एवढंसं ठिगळ

मांडीवर बसा. कान इकडे द्या. बोट तोंडातून काढा. हं, आता सुरू!

एक होती टिकली. टिकली म्हणजे मांजराचं पिल्लू. मुठीएवढं. अंग पांढरंशुभ्र, कपाळावर एक काळा ठिपका. म्हणून नाव टिकली. नाव छोटं, पाय छोटे, शेपूट छोटं. पण भूक? भूक ही एवढी मोठी!

तो होता बुधवार. टिकलीच्या घरी बुधवारी चिकन. सगळे दमून घरी येतात, म्हणून आईचं चिकन अगदी सोपं. एक भांडं, एक चमचा, झालं काम!

आईने कांदा परतला. चुर्र चुर्र! आलं-लसूण घातलं. चिकन घातलं. वाटाणे घातले. गाजर घातलं. वर दूध ओतलं. रस्सा झाला दाट. खदखद, खदखद!

मग आईने केली चिकनची गोधडी. हो हो, या घरात चिकनलासुद्धा गोधडी लागते!

मैदा, लोणी, दही, मीठ आणि चिमूटभर सोडा. आईने पीठ मळलं. पिठाची ठिगळं थापली. थप थप थप!

हे ठिगळ आजोबांचं. हे बाबांचं. हे अबोलीताईचं. हे आईचं. बाळाला अजून दात नाहीत, म्हणून बाळाला ठिगळ नाही. आणि हे एवढंसं कुणाचं? हे टिकलीचं!

ठिगळाला ठिगळ लावायचं. रश्शावर गोधडी घालायची. मग भांडं जातं ओव्हनमध्ये. गोधडी फुगते, लाल होते, कुरकुरीत होते. पण या घरचा नियम मोठा कडक हं!

ज्याचं ठिगळ, त्याचा घास.
ठिगळ नाही? मग उपास!

ठिगळाखाली जे निघेल, ते ज्याचं त्याचं. दुसऱ्याच्या ठिगळाखाली चमचा घालायचा नाही. बाबा कधी कधी घालतात. मग आजोबा खाकरतात.

आईने चार ठिगळं लावली. टिकलीचं ठिगळ ओट्यावर राहिलं. तेवढ्यात खिडकीत आला कावळा. काव काव! चोचीत घेतलं ठिगळ. गट्टम! आणि भुर्रर्र!

टिकली बघतच राहिली. ओट्यावर ठिगळ नाही. गोधडीच्या मधोमध भोक. भोकातून रस्सा म्हणतो, बुड बुड!

टिकलीला रडू आलं. पण रडत बसेल ती टिकली कसली! तिने शेपटी केली ताठ आणि गेली आईकडे. टुपुक, टुपुक, टुपुक!

"आई, आई, नवं ठिगळ दे!
ठिगळ नाही, तर घास नाही,
आणि मी काही उपाशी झोपायची नाही!"

आई म्हणाली, "कावळ्याने नेलं? चोरटा मेला! पण पीठ संपलं गं टिकले. मैद्याचा डबा वरच्या फळीवर. बाबांनी डबा काढला, तर ठिगळ करते. लवकर हं! ओव्हन तापतोय. टिंग वाजलं, की भांडं आत!"

ओव्हन म्हणाला, टिक टिक टिक.

टिकली गेली बाबांकडे. टुपुक, टुपुक, टुपुक! बाबा कोशिंबिरीसाठी कांदा चिरत होते. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

"बाबा, बाबा, डबा काढा!
डबा निघेना, ठिगळ होईना,
ठिगळ नाही, तर घास नाही,
आणि मी काही उपाशी झोपायची नाही!"

बाबा म्हणाले, "डबा उंच, मी बुटका. स्टूल पाहिजे. स्टुलावर आजोबा बसलेत. आजोबांनी स्टूल सोडलं, तर डबा काढतो."

ओव्हन म्हणाला, टिक टिक टिक.

टिकली गेली आजोबांकडे. टुपुक, टुपुक, टुपुक! आजोबा स्टुलावर बसून वास घेत होते. हुंऽऽ! आजोबांचं नाक सगळ्यांच्या आधी जेवायला बसतं.

"आजोबा, आजोबा, स्टूल सोडा!
स्टूल सुटेना, डबा निघेना,
डबा निघेना, ठिगळ होईना,
ठिगळ नाही, तर घास नाही,
आणि मी काही उपाशी झोपायची नाही!"

आजोबा म्हणाले, "उठतो की! पण उठू कसा? माझी काठी अबोलीने नेली. काठी मिळाली, तर स्टूल सोडतो."

ओव्हन म्हणाला, टिक टिक टिक.

टिकली गेली अबोलीताईकडे. टुपुक, टुपुक, टुपुक! ताई काठीवर बसली होती. काठी कुठली, तो ताईचा घोडा! टबडक टबडक, टबडक टबडक! घोडा थांबेना. टिकली घोड्यापुढे उभी राहिली. घोडा थांबला.

"ताई, ताई, काठी दे!
काठी मिळेना, स्टूल सुटेना,
स्टूल सुटेना, डबा निघेना,
डबा निघेना, ठिगळ होईना,
ठिगळ नाही, तर घास नाही,
आणि मी काही उपाशी झोपायची नाही!"

ताई म्हणाली, "नाही देत ज्जा! माझी ठकी बाळाने घेतली. मग मी कशाशी खेळू? ठकी मिळाली, तर काठी देते."

ठकी म्हणजे ताईची लाकडाची बाहुली. लाल साडी, मोठे डोळे.

ओव्हन म्हणाला, टिक टिक टिक. आता जरा मोठ्याने!

टिकली गेली बाळाकडे. टुपुक, टुपुक, टुपुक! बाळ पाळण्यात होतं. ठकी बाळाच्या मुठीत होती. ठकीचं डोकं बाळाच्या तोंडात होतं.

"बाळा, बाळा, ठकी सोड!
ठकी सुटेना, काठी मिळेना,
काठी मिळेना, स्टूल सुटेना,
स्टूल सुटेना, डबा निघेना,
डबा निघेना, ठिगळ होईना,
ठिगळ नाही, तर घास नाही,
आणि मी काही उपाशी झोपायची नाही!"

बाळ म्हणालं, "ट्यँऽऽहा!"

बाळाला एवढंच येतं. पण टिकलीला सगळं कळलं. बाळाला आली होती झोप. बाळ निजलं, तर मूठ सुटेल. मूठ सुटली, तर ठकी सुटेल. पण पाळणा तर उभा गप्प!

टिकलीने पाळण्याच्या पायाला पंजा लावला.

"पाळण्या, पाळण्या, हल रे हल!
बाळ निजेना, ठकी सुटेना,
ठकी सुटेना, काठी मिळेना,
काठी मिळेना, स्टूल सुटेना,
स्टूल सुटेना, डबा निघेना,
डबा निघेना, ठिगळ होईना,
ठिगळ नाही, तर घास नाही,
आणि मी काही उपाशी झोपायची नाही!"

पाळणा म्हणाला, "कर्रर्र! मी आपला आपण हलत नाही. दोरीने मला ओढलं, तर हलतो."

दोरी वर लोंबत होती. दोरीच्या टोकाला गोंडा. टिकलीने मान वर केली. आणखी वर केली. अगदी पाठीवर पडेपर्यंत वर केली!

"दोरी, दोरी, ओढ गं ओढ!
पाळणा हलेना, बाळ निजेना,
बाळ निजेना, ठकी सुटेना,
ठकी सुटेना, काठी मिळेना,
काठी मिळेना, स्टूल सुटेना,
स्टूल सुटेना, डबा निघेना,
डबा निघेना, ठिगळ होईना,
ठिगळ नाही, तर घास नाही,
आणि मी काही उपाशी झोपायची नाही!"

दोरी म्हणाली, "मला हात नाहीत, मला पाय नाहीत. कुणीतरी मला धरलं, तर ओढते."

कुणीतरी? कुणीतरी म्हणजे कोण?

आईचे हात पिठाने भरलेले. बाबांचे डोळे कांद्याने भरलेले. आजोबा स्टुलावर. ताई घोड्यावर. टिकलीने इकडे पाहिलं. कुणी नाही. टिकलीने तिकडे पाहिलं. कुणी नाही. टिकलीने खाली पाहिलं.

खाली होते चार पंजे. टिकलीचेच!

"अस्सं होय!" टिकली म्हणाली.

टिकलीने मारली उडी. हुप्प! गोंडा राहिला वर, टिकली आली खाली. धप्प! ढुंगणाला लागलं. खूप लागलं.

ओव्हन म्हणाला, टिक टिक टिक टिक!

"मी काही उपाशी झोपायची नाही!" टिकली म्हणाली. पुन्हा मारली उडी. हुप्प! नखाला गोंडा लागला आणि निसटला. धप्प!

टिकली मागे सरली. आणखी मागे सरली. भिंतीला शेपूट लागेपर्यंत मागे सरली. मग धावली. टुपुकटुपुकटुपुकटुपुक... हुप्प!

धरला! गोंडा धरला! दोन पंजांनी धरला, दातांनी धरला. टिकली लागली झोके घ्यायला. दोरी इकडे, दोरी तिकडे. टिकली इकडे, टिकली तिकडे.

आणि मग काय झालं?

टिकलीने धरली दोरी.
दोरीने ओढला पाळणा. कुर्रर्र कुर्रर्र!
बाळ म्हणालं, "ट्यँ..." मग म्हणालं, "अंऽऽ..." मग काहीच म्हणालं नाही. टिकलीला अंगाई येत नाही. तिला येतं फक्त घुर्र घुर्र. तेच तिने गायलं, दोरीला लोंबकळत.

घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. बाळ निजलं.
बाळ निजलं, मूठ सुटली. ठकी पडली. टप्प!
ठकी मिळाली, ताईने काठी दिली. ठकीचं डोकं ओलं होतं, ताईने फ्रॉकला पुसलं.
काठी मिळाली, आजोबा उठले. हाऽऽश्श!
आजोबा उठले, स्टूल सुटलं.
स्टूल सुटलं, बाबा चढले. "अरे धरा, धरा मला!"
बाबा चढले, डबा निघाला. धडाम धुडूम! थोडा मैदा बाबांच्या डोक्यावर. भुस्स!
डबा निघाला, आईने पीठ मळलं.
पीठ मळलं, ठिगळ थापलं. थप!

एवढंसं ठिगळ. गोधडीच्या भोकावर बसलं नीट. आणि तेवढ्यात ओव्हन म्हणाला, टिंग!

भांडं गेलं आत. दार झालं बंद. टिकली बसली दारासमोर. हलेना, डुलेना. डोळे मिटेना. एकदा कावळ्याने फसवलं, आता कुणाची टाप आहे!

थोड्या वेळाने घरभर सुटला वास. हुंऽऽ! आईने भांडं बाहेर काढलं. गोधडी फुगली होती टम्म. आणि मधलं एवढंसं ठिगळ? ते तर सगळ्यांत जास्त फुगलं होतं. टरारा!

सगळे बसले जेवायला. ज्याचं ठिगळ, त्याचा घास!

आजोबांच्या ठिगळाखाली निघाले दोन तुकडे. ताईच्या ठिगळाखाली निघाली तंगडी. आईच्या ठिगळाखाली वाटाणेच वाटाणे आणि एक तुकडा. बाबांच्या ठिगळाखाली गाजर, गाजर आणि गाजर.

मग आईने उचललं टिकलीचं ठिगळ. सगळ्यांनी माना पुढे केल्या.

ठिगळाखाली निघाली कलेजी!

कोंबडीला कलेजी असते एकच. ती बाबांना आवडते. ती आजोबांना आवडते. ती ताईला आवडते. आई म्हणते "मला नको बाई," पण आईलाही आवडते.

आईने कलेजीवर फुंकर घातली. फूऽऽ! कलेजी ठेवली टिकलीच्या ताटलीत. शेजारी ठेवलं एवढंसं ठिगळ.

बाबा म्हणाले, "टिकले, टिकले, मला जरा दे!
गाजर सरेना, पोट भरेना,
पोट भरेना, झोप येईना!"

टिकली म्हणाली, "देते की बाबा! माझी जीभ हो म्हणाली, तर देते."

जीभ म्हणाली, "माझं काय! पोट हो म्हणालं, तर देते."

पोट काही बोललंच नाही. कलेजी तोवर पोटात पोचली होती!

आजोबा हसले, ताई हसली, आई हसली. बाबाही हसले आणि गाजराबरोबर कुरकुरीत ठिगळ खाऊ लागले. कर्रम कुर्रम! टिकलीने मिशा पुसल्या, ताटली चाटली आणि ताटलीतच झोपली. घुर्र, घुर्र, घुर्र.

ताटली साफ, भांडं साफ, गोष्ट साफ. आता तुम्हीही डोळे मिटा!