शेवटची घागर कोणाची?

करंजपूरच्या बारवेचं पाणी आटत चाललं होतं, आणि ते आटतंय की नाही यावर दरबारात सात महिने खल चालला होता. घरोघर पाणी भरणाऱ्या हौसाला मात्र शंकाच नव्हती. गेल्या साली पाण्यापर्यंत बारा पायऱ्या उतराव्या लागत, यंदा एकवीस. तिच्या गुडघ्यांना विचारा!

शेवटी ती दरबारात गेली. "सरकार, बागेतली कारंजी बंद करा! गावाच्या तोंडचं पाणी तीच पितायत. दोन महिन्यांनी प्यायलाबी थेंब मिळायचा न्हाई."

लाल पगडीवाल्यांचे म्होरके सरदार सुभानराव उसळले, "पाणी जागच्या जागी आहे! पायऱ्याच वर सरकल्यात! कालच माझा जोडा बारवेत भिजला. आटलेल्या पाण्यात जोडा भिजतो होय?"

"आटलंयच!" पिवळ्या पगडीवाल्यांचे सरदार धारराव गरजले. "ह्यांनी लाल पगडी चढवली आणि त्याच साली आटायला लागलं. पगडी उतरवा, बारव भरेल!"

"पिवळे आटलं म्हणतात ना? मग नक्कीच आटलेलं नाही!" सुभानराव ओरडले.

कारंजी राहिली बाजूला. भानुसेन राजाला तेच हवं होतं, त्याचा सगळा जीव कारंज्यांत. तो म्हणाला, "हौसा, उद्या दुपारपर्यंत या दोघांच्या तोंडून एकाच वेळी एकच उत्तर काढून दाखव. जमलं तर कारंजी बंद! नाही जमलं, तर कारंज्यांचं पाणी तूच डोक्यावरून वाहायचं!"

दरबार खो खो हसला. हौसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण "जी सरकार" एवढंच म्हणून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही सरदारांच्या वाड्यांवर पाणी आलंच नाही. राजवाड्याच्या माठातही ठणठणाट, आणि कारंज्याचं शेवाळलेलं पाणी पिणार कोण? तरी सरदार सकाळपासून भांडत होते. दुपारपर्यंत घसे सुकून गेले, तेव्हा हौसा डोक्यावर घागर घेऊन आत आली.

"आज एवढीच घागर हाय. कुणाच्या घरी ओतू?"

"माझ्या!"

एकदमच आवाज उठले. हौसानं घागर हळूच खाली ठेवली.

"सरकार, तुमी दोन तोंडं सांगितली व्हती. ही तर तीन निघाली! तिसरा आवाज सिंहासनावरनं आला."

राजा आधी लाजला, मग पोट धरधरून हसला. "कारंजी बंद! आजपासून बारवेची राखण हौसाकडे, वर जरीचं लुगडं! आणि महिनाभर सरदारांनी आपलं पाणी आपणच भरायचं!"

संध्याकाळी सुभानराव घागर घेऊन धापा टाकत बारवेतून वर आले. "हौसे, पायऱ्या फार झाल्यात गं!"

"व्हय जी," हौसा म्हणाली, "वर सरकल्यात न्हवं का!"