दगड होत चाललेली साळू

आटपाट नगर नव्हतं, बरं का, नुसता एक काळा डोंगर होता. त्याच्या पायथ्याशी हैबती नावाचा पाथरवट राहायचा. त्याची बायको साळू. हैबती हाताचा कसबी, तोंडाचा अबोल. पण साळूवर त्याचा जीव फार.

एकदा काय झालं, साळूची आई वारली. माहेर लांब, सांगावा उशिरा आला. साळूला आईचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

साळू हैबतीजवळ येऊन बसली. म्हणाली, "अहो, आईच्या दारात आड होता. त्याचं पाणी असं गोड, की..." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत हैबती उठला. कुदळ घेतली आणि दारात आड खणला. पाणी लागलं, तेही गोड. त्यानं साळूला हाक मारली, तर साळूला उठवेना. तिचे पाय दगडाचे झाले होते!

मग साळू म्हणाली, "आई माझी वेणी घालायची ना, तेव्हा..." हैबती धावत बाजारात गेला, चंदनाची फणी घेऊन आला. फणी तिच्या हातात दिली, तर ती खाली पडली. साळूचे हातही दगडाचे झाले.

मग साळू अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आईचा चेहरा आठवेनासा झालाय हो." हैबतीनं सासूबाईंची मूर्ती घडवली. हुबेहूब! ती समोर ठेवली, आणि साळू गळ्यापर्यंत दगड झाली.

दगडाची सगळी विद्या हैबतीला येत होती. त्यानं छिन्नी तिच्या खांद्याला लावली, हातोडा उचलला. पण आत तिला दुखलं तर? सगळं टाकून तो मटकन खाली बसला.

"साळू, मला आता काही सुचत नाही गं."

"काही करू नका," साळू म्हणाली. "उठू नका. मी बोलते, तेवढं ऐका."

मग साळू बोलली. आईचा राग, आईची माया, आणि शेवटच्या भेटीत आपण भांडून निघालो होतो तेसुद्धा. हैबतीचे हात सारखे शिवशिवत होते, बरं का. पण तो उठला नाही. ती थांबली, की हळूच म्हणायचा, "मग?"

बोलता बोलता साळूला रडू फुटलं. आसवं पडली तिथं दगड ऊन झाला. गळा सुटला, हात सुटले. पाय मात्र सुटेनात.

"आता तुम्ही बोला," ती म्हणाली. "आई गेली, तर तुमच्या डोळ्यांत टिपूससुद्धा आलं नाही."

हैबतीनं दारातल्या आडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला आई नव्हती. मला 'लेका' म्हणून हाक मारली ती त्यांनीच. आड खणताना मी आत उतरून रडत होतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगतात, ते ठाऊक नव्हतं."

साळूनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. हैबती मोठ्यानं रडला. आणि साळूचे पाय मोकळे झाले.

पुढे दोघं सुखानं नांदली. हैबती काही बडबड्या झाला नाही. कधी कधी तिच्या बोलण्यातून उठायचासुद्धा. मग साळू म्हणायची, "बसा." आणि तो बसायचा.

तशीच सगळ्यांची घरं नांदोत. ओढा पांघरूण, मिटा डोळे.