दरडीवरची करवंदाची जाळी

"पाणी घातलं, शेणखत घातलं. मग माझेच फणस का जळतात, बाबा?"

विश्राम विचारत होता आणि विचारता विचारता नव्या फणसाला जागा करायला कोयत्यानं करवंदाची जाळी तोडत होता.

कलमं बांधण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. पण डोंगराची दरड घरावर आली, थोरला भाऊ आणि वहिनी तिच्याखाली गेली. तेव्हापासून त्या तांबड्या, उघड्या मातीत तो दर पावसाळ्यात फणस लावी. होळीपर्यंत एकही उरत नसे.

खिंडीतल्या दर्ग्यावरचे कमालशाबाबा आज त्याच्याबरोबर चढून आले होते.

"फणसच का?"

"परसात होता आमच्या. दादा त्याच्याखाली बसायचा. इथं होतं तसं सगळं परत उभं करणार आहे मी. माझ्या हातचं झाड मरत नाही, बाबा."

 बाबांनी त्याचा हात धरला आणि तळवा मोकळ्या मातीवर टेकवला.

चटका बसला. विश्रामनं हात मागे ओढला.

मग तोच हात त्यांनी उरलेल्या जाळीत घातला. काट्यांनी मनगट ओरबाडलं. आत मात्र... माती थंड होती. ओलसर. बोटांना काहीतरी कोवळं लागलं.

त्यानं वाकून पाहिलं. जांभळाचं रोप.

"हे कोणी लावलं?"

"करवंदं खायला पाखरं येतात. ती काय रिकाम्या पोटी येतात?"

विश्राम रोपाकडे बघत राहिला.

"म्हणजे हे वाढणार. आणि याच्या सावलीत ही जाळी?"

"मरेल."

"जांभूळ तरी राहील ना?"

"त्याच्याखाली दुसरं काही उगवून वर येईपर्यंत."

विश्राम खाली बसला.

"मग होतं तसं... परत यायचं नाही?"

"नाही."

"दादाचा फणस?"

"नाही, बेटा."

इतक्या वर्षांत तो या जागेवर कधी रडला नव्हता. आज रडला. बाबा शेजारी बसून राहिले. ऊन कलत गेलं.

शेवटी त्यानं डोळे पुसले.

"मग मी इथं करू तरी काय?"

बाबांनी त्याच्या मनगटावरचं रक्त आपल्या उपरण्यानं टिपलं.

"आज काही तोडू नकोस."