चिनी बरणीची पाठ

फार वर्षं झाली. किती ते विचारू नका, मोजणारा कोणी उरला नाही. एका राजवाड्यात एक दालन होतं आणि त्या दालनात चिनी मातीची भांडी होती. थाळ्या, वाडगे, सुरया, हातभर उंचीच्या बरण्या. पांढऱ्या अंगावर निळी चित्रं. राजाच्या पणज्याने ती गलबतातून आणवली, भिंतीला टेकवून मांडली आणि फर्मान काढलं, "हलवायची नाहीत." पणजा गेला, आजा गेला, बाप गेला. भांडी जिथल्या तिथे.

एकदा राजाच्या मनात आलं, या भांड्यांची तळहाताएवढी चित्रं करून घ्यावीत. त्याने येसा चिताऱ्याला बोलावलं. येसा गावोगावच्या घरांच्या चौकटी रंगवायचा. हात चांगला, पण तोंड त्याहून जास्त चालायचं. ज्याची चौकट रंगवायची त्याला आधी शंभर प्रश्न. काम मोठ्या मानाचं होतं आणि धास्तीचंही. त्या राज्याची रीतच तशी होती. राजवाड्यात ज्याचं काम पसंत पडलं नाही, त्या चिताऱ्याने आपले कुंचले देवडीवर ठेवून जायचं. पुन्हा जन्मात रंगाला हात लावायचा नाही.

धास्तीने येसाचं तोंड बंद झालं. खाली मान घालून त्याने चाळीस चित्रं केली. थाळी तशी थाळी, बरणी तशी बरणी. राजाने सगळी पाहिली आणि जांभई दिली.

"हुबेहूब आहेत," राजा म्हणाला. "पण मग भांडी काय वाईट होती? तीच बघितली असती. आठ दिवस देतो. नाहीतर देवडीची वाट तुला माहीत आहे."

येसा दालनात येऊन मटकन बसला. कुंचले गेले तर खायचं काय, हा एक प्रश्न. पण रंग नाही तर करायचं काय, हा त्याहून मोठा. समोर एक बरणी होती. तिच्यावर एक पूल, पुलावरून डावीकडे पळणारा एक माणूस. येसाने या बरणीचं चित्र काढलं होतं, पण तिच्याकडे बघितलं नव्हतं. आता दुसरं काही सुचेना म्हणून बघितलं.

भांड्यांची राखण करायला बयाआक्का होती. चाळीस वर्षं मोरपिसाने धूळ झटकत होती. येसा तिला म्हणाला, "आक्का, याच्या एकाच पायात वहाण आहे."

"कुणाच्या?"

"या पुलावरच्या माणसाच्या."

"असेल. मला काय त्याच्याशी लग्न लावायचंय?"

"मग दुसरी कुठं गेली?"

"माझ्याकडं काय बघतोस? मी नाही घेतली."

येसा बरणीला नाक लावून बसला. "हा पळतोय तो पलीकडं. पलीकडं काय आहे?"

"भिंत."

"बरणीच्या पाठीवर म्हणतोय मी."

"ते कुणी बघितलंय? आणि हात लावायचा नाही. लावलास तर कुंचल्यांच्या आधी बोटं जातील."

येसाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वहाण कुठं गेली असेल? त्याने कागद घेतला आणि वहाण नदीत पडल्याचं चित्र काढलं. पटलं नाही. मग ती माकडाने पळवली. मग पुलाच्या फटीत अडकली. मग देवळाबाहेरून चोरीला गेली. मग बायकोने फेकून मारली. एका वहाणेपायी पाच चित्रं झाली. तोवर दुसऱ्या भांड्यांनी त्याला छळायला सुरुवात केली. थाळीवरचा पक्षी चोच उघडून कुणाला शिव्या देतोय? सुरईवरची बाई खिडकीतून कुणाला हाक मारतेय? आठ दिवस कसे गेले ते येसाला कळलं नाही.

राजा आला. वहाणेची पाच चित्रं त्याने हातात घेतली आणि बायकोवाल्या चित्रापाशी खुदकन हसला.

"यातलं खरं कुठलं?"

"ठाऊक नाही, महाराज."

"ठाऊक नाही आणि रंगवलंस?"

"काय करू? बरणी फिरवू देत नाहीत."

राजाने बयाआक्काकडे बघितलं. "पणजोबांचं फर्मान आहे," आक्का म्हणाली. राजा थोडा घुटमळला. मग त्याने बाह्या सारल्या, जमिनीवर उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी बरणी फिरवली.

पाठीवर एक कुत्रा होता. तोंडात वहाण धरून पळत होता आणि पळता पळता वळून बघत होता.

मग आक्का म्हणाली, "पाच चित्रं काढली आणि पाचही चुकली. ठेव बाबा कुंचले."

येसा मुकाट्याने कुंचले गोळा करू लागला. राजा उठला नव्हता. कुत्र्याकडे बघत तो म्हणाला, "थांब. मी या दालनात लहानाचा मोठा झालो. या माणसाचा एक पाय उघडा आहे, हे मला ठाऊक नव्हतं. आक्का, तुला होतं?"

"याने दाखवला तेव्हा कळलं," आक्का म्हणाली.

"हा पाच वेळा चुकला," राजा म्हणाला. "आपण चुकण्याइतकंसुद्धा बघितलं नाही. कुंचले राहू दे रे. आणि देवडीची ती रीत आजपासून बंद."

मग गुडघे धरत आक्काही खाली बसली. "महाराज," ती हळूच म्हणाली, "त्या सुरईवरची बाई कुणाला हाक मारतेय, तेवढं बघायचं का?"

संध्याकाळपर्यंत तिघांनी मिळून सगळी भांडी फिरवली. एक वाडगा राजाच्या हातून फुटलासुद्धा. राजा हळहळला, आक्का रडली, आणि येसाने त्या तुकड्यांचं चित्र केलं. दुसऱ्या दिवशी भांडी भिंतीपासून काढून दालनाच्या मधोमध मांडली, म्हणजे चारी बाजूंनी बघता येतील. येसा राजवाड्याचा चितारी झाला आणि त्याच्या तोंडाला पुन्हा कधी कुलूप लागलं नाही.

बोध एवढाच, की नुसती जपून ठेवलेली वस्तू आपली होत नाही. तिच्याबद्दल प्रश्न पडला, तेव्हा ती आपली होते.