अर्धी ओळ मागे

"चर्च सोडलं म्हणजे देव सुटतो का, पाळकसाहेब? एवढंच सांगा."

शांतवन मास्तरांनी हे अंगणातूनच विचारलं. ना सलाम, ना चपला काढणं.

म्हातारे पाळक योनाथान उमाप ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. सेवेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, तरी गावातला ख्रिस्ती माणूस कुठं अडला की अजून त्यांच्याच ओट्यावर यायचा. मास्तर तर त्यांच्या हाताखालीच वाढलेले. पेटीवर बोटं ठेवायला शिकवलं ते यांनीच. त्यामुळे मास्तरांचे केस पिकले तरी पाळकसाहेबांच्या तोंडी 'अरे-तुरे' ते 'अरे-तुरे'च.

"बस की. शेंगा खा."

"बसायला आलो नाही."

"मग उभ्यानं खा."

मास्तरांनी शेंगांना हात लावला नाही. ओट्यापुढं फेऱ्या घालायला लागले. चार महिने त्यांचं हेच चाललं होतं. पायाला भिंगरी आणि जिवाला घोर.

झालं होतं ते असं. बावीस वर्षं मास्तर चर्चमध्ये पेटी वाजवत, गीताला सुरुवात करून देत. सुराचे पक्के, आणि आपण पक्के आहोत हे जरा जास्तच ठाऊक असलेले. त्यांच्या मागच्या बाकावर राहेलबाई बसायची. वीटभट्टीवर जन्म गेलेली म्हातारी. गळा असा, की बाई आज चर्चला आलीय हे दोन गल्ल्यांना कळावं. आणि गाणार कधी, तर बाकीच्यांची ओळ संपत आली की.

ईस्टरला बाहेरगावचे बिशप आले होते. मास्तरांनी महिनाभर खपून गीत बसवलं होतं. दुसऱ्याच कडव्याला त्यांनी पेटी थांबवली, मागं वळले आणि भर उपासनेत म्हणाले, "बाई, आजचा एक दिवस तोंड मिटून बसा."

बाई तोंड मिटून बसली. मंडळी काही बसली नाही. पंचांनी सांगितलं, म्हातारीची माफी मागा. मास्तरांनी पेटीचं झाकण लावलं आणि घर गाठलं. त्यानंतर चर्चची पायरी चढले नाहीत.

"माझं नाव काढायचंय," मास्तर म्हणाले. "सभासदांच्या यादीतून. नवा पाळक म्हणतो, उमापसाहेबांनी लिहून दिलं तर काढतो."

"देतो लिहून."

मास्तर चालता चालता थबकले. घरून येताना त्यांनी भांडणाची सगळी तयारी करून आणली होती. ती फुकटच गेली.

"का म्हणून विचारणार नाही?"

"तू सांगायलाच आलायस की."

एवढं म्हणायची खोटी. मास्तर सुरू झाले.

"चर्च म्हणजे असतं काय हो? वर पत्रे, खाली फरशी आणि मधे भांडणं. बाकावरच्या जागेवरून भांडण, नाताळच्या जेवणावरून भांडण. गेल्या साली मांडवाला निळं कापड की पांढरं, यावरून दोन सख्खे भाऊ बोलायचे बंद झाले."

"खरंय."

"पाप माझं, पश्चात्ताप माझा, उद्या मरणार तो मी एकटा. देवाचं नि माझं थेट आहे. मधे ही साठ डोकी कशाला?"

"तेही खरंय."

"आणि त्यात ती बाई. बावीस वर्षं अर्धी ओळ मागं. हातात पुस्तक असून."

"पुस्तक कधी कधी उलटं असतं," पाळकसाहेब म्हणाले. "तिला वाचता येत नाही, शांतवना. शब्द तुझ्या तोंडून उचलते, मग गाते."

"ठाऊक आहे मला. पाठ करावीत मग. बावीस वर्षांत पोपटसुद्धा पाठ करतो."

पाळकसाहेबांनी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल पायाशी.

"मी आता घरीच उपासना करतो," मास्तर म्हणाले. "मी, पेटी आणि वचन. सूर असा लख्ख लागतो... कुणाची खोट नाही, खरखर नाही."

"मग बरं आहे की."

मास्तर पुन्हा फेऱ्या घालायला लागले.

"बरं आहे ना?" पाळकसाहेबांनी परत विचारलं.

मास्तरांनी ओट्याचा खांब धरला. बोलावं की न बोलावं, असं त्यांचं झालं. पण या माणसापुढं त्यांचं लहानपणी कधी खोटं टिकलं नव्हतं, ते आता काय टिकणार.

"रविवारी पाचला उठतो," ते म्हणाले. "अंघोळ करतो. इस्त्रीचा सदरा घालतो. साडेनऊला घंटा झाली की पाय आपोआप दाराकडं जातात. मग स्वतःवरच चिडतो, मागं फिरतो, पेटी काढतो. सूर लागतो, साहेब. पण पोचत नाही. प्रार्थनेला डोळे मिटले तर दोन वाक्यं होतात, आणि पुढं... काहीच नाही. माझी बायको, मार्था, गेली त्या सालीसुद्धा प्रार्थना सुटली नव्हती माझी. आता सुटलीय. भीती वाटते मला."

"आणि नाव काढलं म्हणजे?"

"एक घाव दोन तुकडे तरी होतील. असं लोंबकळत नाही राहवत."

पाळकसाहेबांनी सूप बाजूला सारलं, हात झटकले.

"लिहितो चिठ्ठी. आधी एक गीत म्हण. संध्याकाळचं ते जुनं. दहा वर्षांचा होतास, मी तुला पहिलं तेच शिकवलं होतं."

"इथं? पेटी नाही."

"गळा आणलायस ना?"

मास्तर नाही म्हणणारच होते. पण गाण्याला त्यांनी आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली.

आवाज काय लागला म्हणता. समोरच्या नळावरची बाई हंडा तसाच ठेवून वळून बघायला लागली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसरी झाली.

"शांतवना," पाळकसाहेब म्हणाले, "ओळ संपली की थांबतोस कशाला?"

"थांबतो? छे. कुठं थांबतो?"

"म्हण बघू."

मास्तरांनी पुन्हा पहिली ओळ घेतली. ती संपली... आणि ते थांबले. आता त्यांचं त्यांनाच कळलं. छातीत दम भरपूर होता. ताल पुढं चला म्हणत होता. थांबायचं काही कारण नव्हतं.

"सवय," मास्तर पुटपुटले.

"मोड मग. सरळ म्हण."

मास्तरांनी मनाचा हिय्या केला. ओळ संपते न संपते तोच पुढची धरली. सूर बरोबर होता, शब्द बरोबर होते. तरी दोन शब्दांतच ते अडखळले. कुणाचं तरी बोलणं मधेच तोडल्यासारखं वाटलं त्यांना.

पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा मात्र ते ओळीच्या शेवटाला नुसतेच उभे राहिले. नळावर पाण्याचा आवाज येत होता. त्यांची मान जराशी मागं, डाव्या खांद्याकडं वळली होती. बावीस वर्षं तिथं राहेलबाईचं बाक असायचं.

मास्तर ओट्यावर बसले. आल्यापासून पहिल्यांदाच बसले.

"घरी पेटीवर म्हणतोस, तेव्हाही असंच होतं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"...होत असेल. लक्ष नव्हतं माझं."

त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना त्याची लाज वाटली. नळावरची बाई अजून बघत होती. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी गडबडीनं पहिली ओळ परत धरली. या वेळी आवाज जाड झाला, जरा चिरकला, पण ओळ शेवटाला पोचली. तिथं न रेंगाळता, कसंही करून निभवावं म्हणून, त्यांनी दुसरीसाठी तोंड उघडलं.

पाळकसाहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब. तिचं होऊ दे. मग घे पुढची ओळ."