वर्ग न सोडण्यावरचं भाषण

शिक्षणाधिकारी हर्डीकरसाहेब भाषणाला निघाले होते. हाताशी वेळ होता, म्हणून वाटेत झोपडपट्टीतल्या पालिकेच्या शाळेत अचानक शिरले. पाहतात तो चारही वर्गांची पोरं व्हरांड्यात एकत्र बसलेली आणि मुख्याध्यापिका गवारेबाई एकट्याच शिकवताहेत.

"बाकीचे शिक्षक कुठे उलथले?" साहेब पोरांदेखत कडाडले. "एकेकाला नोटीस काढतो!"

"जरूर काढा, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळपासून तुमच्याच सभागृहात बसलेत सगळे. शिक्षकानं वर्ग सोडू नये, यावर तुमचं भाषण आहे ना? हजेरी सक्तीची केलीय तुम्ही."

पोरं टकामका बघत होती. साहेबांना मान वर करवेना. त्यांनी सभागृहात फोन लावला. "शिक्षकांना आपापल्या शाळेत परत पाठवा."

"आणि भाषण, साहेब?" पलीकडून प्रश्न आला.

"ते झालं," साहेब पुटपुटले. "आत्ताच ऐकलं मी."