शिमोनला प्रभू भेटत नाही

खडकवाडी गावात शिमोन नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तस्संच करायचा. अंगात ताकद भरपूर, डोक्यात मात्र एका वेळी एकच गोष्ट मावायची. गावातल्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात झाडलोट करायची, पाणी भरायचं, घंटा वाजवायची, ही त्याची कामं.

शिमोनला एकच दुःख होतं. रविवारी उपासना संपत आली की लोक एकेक करून उठायचे आणि साक्ष द्यायचे. कोणी म्हणे, मी धुळीच्या कणाइतका क्षुद्र, तरी प्रभू मला भेटला. दुसरा उठून म्हणे, मी तर त्या धुळीच्याही लायकीचा नाही, मला दोनदा भेटला. नम्रपणात कोणी कोणाला हार जात नसे. शिमोन मागे दाराशी बसून ऐकायचा. त्याला प्रभू एकदाही भेटला नव्हता.

त्यात उपकारस्तुतीचा सण जवळ आला. शहराहून बिशपसाहेब येणार होते, सगळे त्यांच्यापुढे साक्ष देणार होते.  शिमोन मंडळीच्या धर्मगुरूंकडे, पाळकसाहेबांकडे गेला.

"साहेब, प्रभू कुठं भेटतो?"

पाळकसाहेब सणाचा संदेश लिहीत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "लहानसहान कामात भेटतो रे. भांडं घासतानासुद्धा भेटतो. मन लावून घासलं पाहिजे."

शिमोनला पटलं. त्याला सगळंच पटायचं. उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनाची मोठी पितळी पातेली त्याने आडावर नेली आणि वाळू घेऊन घासायला बसला. सकाळी घासली. दुपारी घासली. उन्हं कलली तेव्हा एका पातेल्याच्या तळाशी काहीतरी लखकन चमकलं. शिमोनला वाटलं, आला! पण ते पितळ होतं. नवीकोरी कल्हई पार खरवडून निघाली होती.

त्या रविवारची आमटी उघड्या पितळेत कळकली. मंडळी पोट धरून घरी गेली. प्रभू काही भेटला नाही.

पाळकसाहेबांच्या पत्नी मार्थाबाई कमरेवर हात ठेवून आल्या. "मेल्या, इतकं घासतात का? ओल्या फडक्यानं अलगद पुसायचं, बस्स!"

"बरं बाई. पुढच्या येळंला अलगद पुसतो."

दोन दिवसांनी पेंटर आला. देवळाच्या पांढऱ्या भिंतीवर त्याने निळीने मोठ्या अक्षरात बिशपसाहेबांचं स्वागत लिहिलं आणि तो चहाला गेला. शिमोन आला. पांढऱ्या भिंतीवर निळं काहीतरी लागलेलं त्याने पाहिलं. घासायला हात शिवशिवत होते, पण बाईंचं बोलणं आठवलं. मग त्याने फडकं ओलं केलं आणि अलगद, अगदी प्रेमानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं पुसून काढलं.

पेंटरने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या! ओलं दिसलं की हात लावायचा नाही! वाळू द्यायचं!"

"बरं पेंटर. पुढच्या येळंला वाळू देतो."

निळा झालेला हात त्याने निरखून पाहिला. प्रभू तिथेही नव्हता.

दुसऱ्या दिवशी एलियाबाबा पाटाच्या कडेने चालले होते. म्हातारं माणूस, पाय घसरला आणि बाबा पाटात जाऊन बसले. पाणी छातीपर्यंत, गुडघ्यात जोर नाही. तेवढ्यात वरून शिमोन आला.

"शिम्या, हात दे रं!"

शिमोनने त्यांना नीट पाहिलं. "बाबा, तुम्ही वले हाय. हात लावायचा न्हाई. आधी वाळा."

"पाण्यात बसून वाळू कसा रं?"

"ते पेंटरला इचारावं लागंल."

पण बाबांना एकटं वाटू नये म्हणून तो काठावर बसून राहिला. शिमोन मनाचा काही वाईट नव्हता. शेवटी कपडे धुणाऱ्या बायकांनी आरडाओरडा ऐकला आणि बाबांना बाहेर ओढलं.

बाबांचे दात वाजत होते. "टोणग्या, माणूस भुईवर पडलेला दिसला की बगत बसायचं न्हाई! त्यो काय बी म्हणू दे. उचलायचा, पाठीवर घ्यायचा, आन् थेट त्याच्या घरी नेऊन सोडायचा!"

"बरं बाबा. पुढच्या येळंला घरी सोडतो."

सण उजाडला. पाळकसाहेबांनी शिमोनला बजावून ठेवलं होतं, "आज काही घोळ घातलास तर देवळातलं काम बंद!" म्हणून शिमोन फार जपून वागत होता.

बिशपसाहेब पहाटेच आले. बारीक अंगाचे, पिकल्या केसांचे, साधे गृहस्थ. सगळी मंडळी मागच्या अंगणात स्वयंपाकाला लागली होती. बिशपसाहेब एकटेच देवळात गेले, वेदीपुढे गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावून प्रार्थना करू लागले.

शिमोन घंटा वाजवायला आत आला. बघतो तर माणूस भुईवर पडलेला!

"बाबा, तुम्ही राहता कुठं?"

"अं? शहरात. का रे?"

"लांब हाय. पर हरकत न्हाई." आणि शिमोनने त्यांना पाठीवर घेतलं.

"अरे, सोड! मी बिशप आहे!"

"असू द्या. पडतंय कुणी बी."

झालं! शिमोन शहराच्या रस्त्याला लागला. पांढरा झगा वाऱ्यावर फडफडतोय, बिशपसाहेब मराठीत रागावतायत, इंग्रजीत रागावतायत. एलियाबाबांनी सांगितलंच होतं, तो काय बी म्हणू दे. शेवटी बिशपसाहेब दमले आणि गप्प झाले.

"गळा नीट धरा. म्होरं चढ हाय."

बिशपसाहेबांनी गळा धरला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बाळा, तू हे कशासाठी करतोस?"

"ल्हान काम केलं की प्रभू भेटतो म्हणत्यात. मला अजून भेटला न्हाई. तुमाला भेटला का कधी?"

बिशपसाहेबांनी वाऱ्यावर उडणारा झगा आवरून घेतला. मग हळूच म्हणाले, "मी जड होतोय का रे?"

"छ्या! तुमच्यापेक्षा ती पातेली जड होती."

एवढ्यात मागून पाळकसाहेब सायकलवर आले. त्यांच्यामागे हातात पळ्या, झारे घेऊन सगळी मंडळी धावत आली. "शिमोन, खाली ठेव त्यांना!" पण शिमोन कसला ऐकतोय! घरी सोडायचं म्हणजे घरी.

शेवटी बिशपसाहेब त्याच्या कानाशी म्हणाले, "शिमोन, देवाचं घर तेच माझं घर. मागे फिर."

शिमोनला पटलं. तो मागे फिरला आणि त्याने त्यांना वेदीपुढे नेऊन सोडलं.

उपासना झाली. साक्षीची वेळ आली. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात बिशपसाहेबच उभे राहिले.

"मी आयुष्यभर लोकांना नम्रता शिकवली," ते म्हणाले, "पण प्रभू मला भेटला, असं छातीठोक सांगायची हिंमत मला कधी झाली नाही. आज सांगतो. आज सकाळी, गावाबाहेरच्या रस्त्यावर, प्रभू मला भेटला. त्याने मला पाठीवर घेतलं होतं."

 त्यांच्यानंतर साक्ष द्यायला कोणी उठलं नाही. पाळकसाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला. मग एकेक मान मागे, दाराकडे वळली.

दाराशी शिमोन उभा राहिला होता. त्याला रडू फुटायचं बाकी होतं.

"आज सकाळी? त्याच रस्त्यावर?"

"हो, शिमोन."

"आवो, मग मी बी तिथंच व्हतो की! मला कसा दिसला न्हाई?"

"अरे शिमोन, ऐक..."

पण ऐकायला शिमोनला वेळ कुठला? त्याने धोतर खोचलं आणि उंबऱ्यावरून उडी मारली.

"तुमी जेवून घ्या साहेब! अजून लांब गेला नसंल, धरूनच आनतो!"